हवेचा दुसरा काटा

खंबाटकीच्या चढाला लागलेल्या भरल्या ट्रकात बसून नीट कान दिला, तर इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक शीळ ऐकू येते. ती टर्बोची. ड्रायव्हरने गिअर खाली घेतला की क्षणभर बसते, पाय पुन्हा दाबला की वर चढते. काही वर्षांपूर्वी साताऱ्याकडे जाताना मी अशाच एका ट्रकात, ओळखीच्या ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. गाडी जुनी, सहा सिलिंडरची, यांत्रिक पंपाची. मागे सिमेंटच्या गोण्या. शीळ येत होती, पण गाडी ओढत नव्हती, आणि आरशात काळ्या धुराचा लोट दिसत होता.

“दीड महिना झाला,” तो म्हणाला. “नोझल बदलले. पंप उतरवून कॅलिब्रेशनला दिला. डिझेल फिल्टर दोनदा टाकला. रिकामी असली की वाऱ्यासारखी पळते, माल भरून घाट आला की दम सोडते. आता मालक म्हणतात, इंजिन उघडा.”

इंजिन उघडावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी कऱ्हाडच्या अलीकडे एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या जाड रबरी होसखालून नुसता हात फिरवला. बोटांना काळं, तेलकट काहीतरी लागलं. क्लिप सैल करून होस ओढून काढली, तर क्लिपच्या कडेलाच नखाएवढी चीर. उभ्या गाडीत ती मिटलेली असायची. घाटात आतल्या हवेचा दाब वाढला की तिचं तोंड उघडायचं आणि इंजिनाच्या वाट्याची हवा बाहेर जायची. होस बदलून अर्ध्या तासात गाडी निघाली. हात पुसता पुसता मिस्त्री म्हणाले, “बूस्टचा काटा असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. ट्रकच्या डॅशबोर्डवर काटे कमी नसतात. ऑइलचा असतो, पाण्याच्या तापमानाचा असतो, डिझेलचा असतो. ‘हवेचा काटा’ असंही ड्रायव्हर म्हणतात, पण तो ब्रेकच्या हवेचा. टाकीत सात-आठ बार हवा आहे ना, ब्रेक लागेल ना, एवढंच तो सांगतो. इंजिन स्वतः श्वास किती घेतंय, हे सांगणारा काटा बहुतेक जुन्या ट्रकांत नसतोच. तो आपण बसवायचा असतो.

आधी या श्वासाचा हिशेब पाहू. डिझेल आपण पैसे मोजून भरतो, म्हणून त्याचा थेंब न् थेंब लक्षात राहतो. हवा फुकट, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. एक लिटर डिझेलचं वजन साधारण ८४० ग्रॅम. ते पूर्ण जळायला वजनाच्या साडेचौदा पट हवा लागते, म्हणजे बारा किलो. आकारमानात सांगायचं तर सुमारे दहा घनमीटर. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात डिझेल सिलिंडरमध्ये शेवटच्या क्षणी फवारलं जातं, हवेत नीट मिसळायला त्याला वेळच मिळत नाही. त्यामुळे धूर होऊ द्यायचा नसेल तर आणखी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त हवा द्यावी लागते. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली डोळ्यांपुढे आणा. तिच्यातली सगळी हवा दोन लिटर डिझेलला जेमतेम पुरते.

आता इंजिनाकडे या. भारतीय रस्त्यांवर वर्षानुवर्षं चाललेलं कमिन्सचं ‘६ बीटी’ हे इंजिन ५.९ लिटरचं. चार स्ट्रोकचं असल्याने दोन फेऱ्यांमागे ते एकदा पूर्ण भरतं. मिनिटाला २,४०० फेरे धरले तर त्याने नुसत्या ओढीने घेतलेली हवा होते मिनिटाला सात घनमीटर, आणि तीही कागदावर. त्यापेक्षा जास्त ताकद हवी तर जास्त डिझेल हवं, जास्त डिझेलला जास्त हवा हवी, आणि सिलिंडर तर तेवढाच. मग हवाच दाबून भरायची. या जास्तीच्या दाबालाच बूस्ट म्हणतात. टर्बो हे काम सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या जोरावर करतो. त्या वायूने एक चाक फिरतं, त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला बसवलेलं दुसरं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात रेटतं. हा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळशा थरावर तरंगत फिरतो.

ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. त्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं, पण इतक्या उष्णतेत आणि वेगात टिकणारा धातू मिळून ती कामाला लागायला वीसएक वर्षं गेली. १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांना टर्बो बसवले, तेव्हा १,७५० अश्वशक्तीच्या इंजिनातून २,५०० अश्वशक्ती मिळाली. मधल्या काळात अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली लिबर्टी हे विमानाचं इंजिन ट्रकवर लादून थेट पाइक्स पीकच्या माथ्यावर, ४,३०० मीटर उंचीवर नेलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन विरळ हवेत २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर ते ३५६ वर गेलं. इंजिन तेच, डोंगरही तोच. फरक फक्त मिळालेल्या हवेचा.

आणखी एक घटना मला या विषयात फार महत्त्वाची वाटते. १९५२ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत कमिन्सने टर्बो बसवलेली डिझेल गाडी उतरवली. फ्रेड अगाबाशियन चालक होता. पात्रता फेरीत तिने सगळ्यांना मागे टाकून पहिली जागा घेतली. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र सत्तरएक फेऱ्यांनंतर तिला थांबावं लागलं. हवा ओढायचं तोंड गाडीत खाली, जमिनीलगत होतं आणि ट्रॅकवर उडणाऱ्या टायरच्या रबराच्या कणांनी ते बुजत गेलं होतं. इंजिन उत्तम, डिझेल भरपूर, आणि गाडी बाहेर गेली ती हवेवाचून. आपल्याकडे खडीच्या खाणीवर चालणाऱ्या डंपरचा एअर फिल्टर एकदा झटकून पाहिलात तर ही गोष्ट परकी वाटणार नाही.

काट्याच्या पोटात काय असतं, तेही एकदा बघून ठेवावं. १८४९ साली पॅरिसमध्ये यूजीन बूर्दाँ याने दाब मोजण्याची एक युक्ती पेटंट केली. चपटवलेली पितळी नळी अर्धगोल वाकवायची, एक टोक बंद ठेवायचं, दुसऱ्या टोकातून दाब द्यायचा. दाब वाढला की नळी सरळ व्हायला बघते. बंद टोकाची ती इवलीशी हालचाल दात्यांमधून काट्यापर्यंत पोहोचवायची. एवढंच. वीज नाही, सेन्सर नाही. आजही यांत्रिक बूस्ट गेज उघडला तर आत ही वाकडी नळी सापडते. विजेवर चालणारे गेजही मिळतात. त्यांत दाब मोजणारा सेन्सर इंजिनावर राहतो आणि कॅबिनमध्ये फक्त वायर येते. जुन्या ट्रकाला मी यांत्रिकच सुचवतो. रस्त्यात बिघडला तर त्यात काय झालंय हे कुठल्याही मिस्त्रीला डोळ्यांनी दिसतं.

घेताना दोन गोष्टी बघाव्यात. पेट्रोल गाड्यांसाठी बनवलेल्या गेजच्या तबकडीचा अर्धा भाग शून्याच्या खालचा, म्हणजे ओढीचा असतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद झाला की मॅनिफोल्डमध्ये खरोखरच तशी ओढ तयार होते. यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात थ्रॉटलच नसतो, त्यामुळे ती अर्धी तबकडी आयुष्यभर रिकामी राहते आणि उरलेल्या अर्ध्या भागात आकडे इतके दाटीने येतात की हलत्या कॅबिनमध्ये वाचता येत नाहीत. शून्यापासून सुरू होणारा, अडीच बारपर्यंतचा गेज जुन्या ट्रकाला पुरतो. जुन्या इंजिनांचा बूस्ट साधारण एक ते दीड बारच्या आसपास असतो, म्हणजे काटा तबकडीच्या मध्यावर खेळतो. बाजारात पीएसआयचे गेजही असतात. साडेचौदा पीएसआय म्हणजे एक बार, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

दुसरी गोष्ट दिव्याची. मोटारीचा गेज १२ व्होल्टचा असतो आणि जड ट्रकात बहुधा २४ व्होल्ट असतात. असा गेज थेट जोडून चावी फिरवल्यावर आतला दिवा एकदा लख्ख पेटून कायमचा विझलेला मी पाहिला आहे. यावर काहीजण तोड काढतात, दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच वायर घेतात. तसं करू नये. एकच बॅटरी जास्त उतरत राहते, जोडीचा समतोल जातो आणि दोन्ही लवकर खराब होतात. दिवा २४ चा बदलून घ्यावा किंवा छोटा कन्व्हर्टर लावावा, आणि मध्ये फ्यूज हवाच.

आता प्रत्यक्ष बसवायचं काम. पहिला प्रश्न, दाब घ्यायचा कुठून? इंटरकूलरच्या पुढे, इंजिनाच्या तोंडाशी, म्हणजे इंटेक मॅनिफोल्डवरून. टर्बोच्या तोंडाशी घेतला तर टर्बो किती दाब देतो ते कळेल, पण वाटेतल्या होस, क्लिपा आणि इंटरकूलर यांत किती हरवला ते कळणार नाही. आपल्याला हवा आहे तो इंजिनापर्यंत पोहोचलेला दाब.

पुष्कळ इंजिनांच्या मॅनिफोल्डवर आटे असलेला एखादा बंद प्लग दिलेलाच असतो. तो सापडला तर निम्मं काम झालं. नसेल तर यांत्रिक पंपाच्या बऱ्याच गाड्यांत मॅनिफोल्डपासून डिझेल पंपाच्या डोक्यापर्यंत गेलेली एक बारीक नळी दिसते. ती पंपाला कळवते की हवा आली आहे, आता डिझेल वाढव. या नळीत टी टाकूनही गेजला दाब घेता येतो. पण इथे मी प्रत्येक मिस्त्रीला हात जोडून सांगतो, ही जोडणी अगदी घट्ट झाली पाहिजे. तिथे जराशी गळती राहिली तर पंपापर्यंत दाब पूर्ण पोहोचत नाही. हवा कमी आहे असं समजून पंप डिझेल कमी सोडतो, आणि ज्या गाडीत काहीच बिघाड नव्हता ती काटा बसवल्यापासून मंद होते.

दोन्ही नसेल तर भोक पाडणं आलं. मॅनिफोल्ड इंजिनावर असताना त्यात ड्रिल मारू नये, कितीही घाई असली तरी. ड्रिलला ग्रीस लावलं की कीस चिकटतो हे खरं, पण सगळा कीस चिकटत नाही. लोखंडाचा एक तुकडा आत गेला तर तो व्हॉल्व्ह आणि पिस्टनपर्यंत जातो. इंटरकूलरपुढचा धातूचा पाइप सोडवून खाली घ्यावा, बाकावर भोक पाडून टॅपने आटे काढावेत, पाइप आतून धुवून, हवा मारून मगच परत चढवावा. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडावा. टेपचा सुटलेला धागा या बारीक नळीत अडकला की काटा अर्धवट बोलू लागतो, आणि ते शोधणं फार त्रासाचं आहे.

तिथून कॅबिनपर्यंत नायलॉनची बारीक नळी येते. या नळीचा मार्ग ठरवायला बसवण्यापेक्षा जास्त वेळ द्यावा. टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून सहा-सातशे अंशांचा वायू जातो. त्याच्या वीतभर जवळूनही नायलॉन गेली तर मऊ पडून बसते. पत्र्यातून आत घेताना भोकाला रबरी ग्रोमेट हवं, नाहीतर पत्र्याची कड सहा महिन्यांत नळी कापते. आणि ज्या ट्रकाची कॅबिन पुढे कलते, तिथे बिजागरीपाशी नळीला मोकळा वळसा ठेवावा. एका गॅरेजमध्ये मी स्वतः पाहिलं, गेज सुंदर बसवला होता, टाय मारून नळी ताणून बांधली होती. पुढच्या सर्व्हिसिंगला कॅबिन कलवली आणि नळी टपकन तुटली. त्या पोराचा चेहरा इतका उतरला होता की त्याला कुणी काही बोललं नाही.

काटा थरथरत असेल तर नळीत बारीक भोकाचा अडथळा टाकतात. तो बहुतेक गेजबरोबर मिळतो. आणि एक धोक्याची सूचना. ब्रेकच्या हवेची नळी दिसायला सारखीच असते. तिच्यावर हा गेज कधीही जोडू नये. अडीच बारच्या पितळी नळीला आठ बार दिले तर ती परत मूळ आकारात येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्रेकच्या वाटेवर एक जास्तीची गळती तयार होते, आणि घाटात त्याची किंमत फार मोठी असू शकते.

इलेक्ट्रॉनिक इंजिनांचं थोडक्यात सांगतो. बऱ्याच बीएस-४ आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकांत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर कंपनीनेच दिलेला असतो आणि इंजिनाचा संगणक तो क्षणोक्षणी वाचतो. अशा गाडीत भोकं पाडू नयेत. डायग्नोस्टिक सॉकेटला उपकरण जोडलं की तोच आकडा मिळतो.

काटा बसला, इंजिन सुरू केलं आणि काटा शून्यावरच राहिला की पुष्कळजण घाबरतात. उभ्या गाडीत रेस दिली तरी तो फारसा हलत नाही. तसंच व्हायला हवं. ओझं नाही म्हणून डिझेल कमी, डिझेल कमी म्हणून एक्झॉस्टमध्ये जोर कमी, मग टर्बो कशाच्या बळावर फिरणार? या काट्याची परीक्षा चढावर, भरल्या गाडीत, पूर्ण पाय दाबून घ्यायची. शून्य म्हणजे आत हवा नाही असंही नव्हे. आत आणि बाहेर दाब सारखा आहे, एवढाच त्याचा अर्थ. समुद्राकाठी तो बाहेरचा दाब सुमारे एक बार असतो. काटा एक दाखवतो तेव्हा आत एकूण दोन बार असतात. लडाखच्या ५,३०० मीटरच्या खिंडीत बाहेरच अर्धा बार उरतो. तिथे काट्यावर एकच दिसलं तरी आत एकूण दीडच असतात.

आणि दाब म्हणजे सगळी हवा नव्हे, हेही सांगायला हवं. हवा दाबली की तापते. सत्तावीस अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली की खऱ्याखुऱ्या टर्बोतून ती एकशेवीसच्या आसपास होऊन निघते. गरम हवा विरळ, म्हणजे दाबून मिळवलेल्यातलं बरंच उष्णतेत गेलं. म्हणून इंटरकूलर. त्याच्या जाळीत चिखल आणि पाखरांची पिसं साचली असतील तर काटा ठीक दाखवेल आणि गाडी तरीही जड चालेल.

आता वाचायचं कसं. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही. आपली गाडी निरोगी असताना, ओळखीच्या चढावर, तोच गिअर, जवळपास तोच माल, अशा वेळी काटा कुठे जातो ते एकदा लिहून ठेवायचं. पुढचं सगळं त्या आकड्याशी ताडायचं. बूस्ट कमी आणि धूर काळा, तर हवा हरवते आहे. फाटकी होस, सैल क्लिप, चीर गेलेला इंटरकूलर, बुजलेला एअर फिल्टर, उघडंच अडकलेलं वेस्टगेट (टर्बोच्या चाकाला वळसा देऊन जादा वायू सोडणारी झडप), किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गळकं गॅस्केट, कारण तिथून वायू निसटला तरी टर्बो उपाशीच. बूस्ट कमी पण धूर नाही, तर बहुधा हवेचा दोष नाही, डिझेलच कमी पोहोचतंय. टर्बोला फिरवतो तो डिझेल जळून निघालेला वायूच. आधी डिझेल फिल्टर पाहायचा. नेहमीपेक्षा बूस्ट जास्त झाला तर खूश होऊ नये. वेस्टगेट बंद अवस्थेत अडकलं असेल किंवा कुणी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं असेल. दोन्हींत इंजिन जास्त तापतं.

धूर पाहिला की आपल्याकडे पहिला हात पंपाला आणि नोझलला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. पंप उतरवणं, कॅलिब्रेशन, दोन दिवस गाडी उभी, वर भाड्याचं नुकसान. होस आणि क्लिप त्या मानाने किरकोळ. पण होसमधली चीर दिसत नाही आणि पंप दिसतो.

त्या ड्रायव्हरच्या गाडीला आम्ही पुढच्या फेरीत काटा बसवला. त्याने डॅशबोर्डवर पांढऱ्या रंगाने बारीक अक्षरात लिहून ठेवलं, ‘खंबाटकी, चौथा, १.२’. पाचशे किलोमीटर झाल्यावर सगळे जोड पुन्हा आवळून घ्यायचे, हेही त्याने लक्षात ठेवलं. सातआठ महिन्यांनी एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

“भाऊ, आज चौथ्यात ०.८ च्या वर जात नाही.”

“धूर?”

“नाही. धूर अजिबात नाही. नुसती ओढत नाही.”

“मग होसला हात लावू नका. डिझेल फिल्टर उघडा.”

रात्री पुन्हा फोन आला. फिल्टरच्या वाटीत पाणी आणि काळा गाळ सापडला होता. फिल्टर नवा टाकून, एअर काढून तो पुढच्या घाटाला लागला होता. मागून इंजिनाचा आवाज येत होता, त्यात ती शीळही होती. तो म्हणाला, “एक दोन. पहिल्यासारखा.”